बॅग टिकते ती पट्ट्याच्या टाक्यांवर

गैरसमज: सोलापुरी चादर घरच्या मशीनवर शिवली जात नाही.

वस्तुस्थिती: जाते. सोलापूरच्या नवी पेठेत कापडखरेदीला गेलं की जुन्या चादरीची मेसेंजर बॅग शिवायचा विचार अनेकींच्या मनात येतो आणि याच भीतीने मागे पडतो. चादरीच्या दोन थरांना १६ नंबरची सुई पुरते, पट्टा जोडताना १८ नंबरची लावावी. टाका थोडा लांब, साधारण तीन मिलिमीटरचा ठेवावा. कोपऱ्यावर थर वाढले की मोटर किंवा पायटा सोडून चाक हाताने फिरवावं. सुई मोडते ती बहुधा तिथे घाई केल्याने.

गैरसमज: कापड जितकं जाड, तितकी बॅग मजबूत.

हा समज सर्वांत महागात पडतो. वह्या, डबा, पाण्याची बाटली असा सगळा भार पट्टा जिथे जोडलाय तिथे येतो. कापड शाबूत राहतं आणि पट्टा उसवतो. शबनम पिशवी वर्षानुवर्षं टिकते, कारण बरेचदा तिचा पट्टाच खाली येऊन बाजू आणि तळ होतो. जोड खांद्याजवळ नसतोच. मेसेंजर बॅगेत मात्र पट्टा वेगळा असतो. म्हणून त्याची टोकं दोन इंच तरी बाजूच्या पट्टीवर उतरवावीत, आतून कापडाचा तुकडा लावावा आणि चौकोन करून त्यात फुली मारावी. इथे बारीक, दाट टाके घातले की जोड पक्का होतो असं वाटतं. उलट सुईची भोकं जवळजवळ पडून पट्टा तिथेच कमजोर होतो.

पट्टा कापडाचाच करायचा तर तो ताण्याच्या दिशेने कापावा. तिरका कापला तर ओझ्याने लांबत जातो. विणकरांच्या गावात ताणा-बाणा वेगळा समजावून सांगायला नको, पण कापड वाचवायच्या नादात कात्री तिरकी चालते खरी.

गैरसमज: कोरं कापड आधी धुवायची गरज नाही.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. चादर आटली आणि पॉलिस्टरचं अस्तर तसंच राहिलं, तर बॅगेला कायमच्या चुण्या पडतात. जुन्या चादरीला हा धोका नाही, म्हणून मला तीच जास्त आवडते. जॅकार्डची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, हा आणखी एक फायदा. बॅगेच्या झाकणाला उलटी बाजू वर घेतली तर वेगळाच रंग खुलतो.

माप अंदाजाने घेतलं तरी चालतं, असंही म्हणतात; पण ते खरं नाही. तयार बॅग १४ बाय ११ इंचांची हवी असेल, तर अर्धा इंच माया धरून पुढचा-मागचा तुकडा १५ बाय १२ कापावा. बाजू आणि तळ मिळून एकच पट्टी ३७ इंच लांब, चार इंच रुंद. चादरीच्या कडा लगेच सुटतात, त्यामुळे कापल्याबरोबर कडेने टीप मारून घ्यावी. अस्तर मात्र सगळीकडून थोडं कमी ठेवावं, म्हणजे ते आत गोळा होत नाही.