उत्सर्जन-मर्यादा आणि नव्या मोटरसायकलीची शक्तिवृद्धी

नवी मोटरसायकल घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत तिचा सायलेन्सर, एअर फिल्टर आणि इंधनपुरवठ्याची मात्रा बदलून तिची शक्ती वाढविण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. कार्बुरेटरच्या काळात हे काम एखाद्या कुशल मेकॅनिकच्या हातचे असे. मोठ्या छिद्राचा जेट बसवावा, सुई एक खाच वर उचलावी, सायलेन्सर मोकळा करावा आणि स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग पाहून मिश्रणाचा अंदाज बांधावा, एवढीच त्यातील विद्या होती. १९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या यामाहा आरएक्स-१०० सारख्या दोन-धक्क्यांच्या गाड्यांवर या विद्येचा हात विशेष चाले. आज तोच प्रयोग नव्या गाडीवर केला असता तसे फळ मिळत नाही, आणि याचे कारण केवळ कायद्याचा धाक हे नव्हे. उत्सर्जनाच्या नियमांनी यंत्रातील भागांचे परस्परसंबंधच बदलून टाकले आहेत. पूर्वी स्वतंत्र असलेले भाग आता एका साखळीत गोवले गेले आहेत, आणि या साखळीचे स्वरूप ध्यानात घेतल्याखेरीज कायद्याचा हेतू किंवा त्याची उणीव यांपैकी काहीच नीट उमगत नाही.

भारत स्टेज-४ ही मर्यादा १ एप्रिल २०१७ पासून सर्व नव्या दुचाकींना लागू झाली. तिच्यानंतर पाचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून एकदम सहावी आली. लहान मोटरसायकलींपुरते पाहिले तर कार्बन मोनॉक्साइडची अनुज्ञेय मात्रा किलोमीटरमागे १.४०३ ग्रॅमवरून १ ग्रॅमवर उतरली. ही घट मोठी नाही. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मात्रा मात्र ०.३९ ग्रॅमवरून ०.०६ ग्रॅमवर, म्हणजे जवळजवळ साडेसहा पटींनी खाली आली. खरा फरक पडला तो येथे. चौथ्या पायरीपर्यंत कार्बुरेटर राखून, निष्कास-नळीत थोडी बाहेरची हवा सोडून आणि साधा उत्प्रेरक बसवून भागत असे. सहाव्या पायरीवर हा मार्ग जवळपास बंद झाला. म्हणूनच दीर्घकाळ कार्बुरेटरवर चालत आलेल्या बुलेट ३५० आणि स्प्लेंडर यांसारख्या गाड्यांनाही २०२० च्या सुमारास इंधन-अंतःक्षेपणाची, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘एफआय’ म्हणतात त्या व्यवस्थेची कास धरावी लागली.

हा मार्ग का बंद झाला, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले असता हे प्रमाण साडेतेराच्या आसपास उतरते. प्रत्यक्ष हवा आणि आवश्यक हवा यांच्या गुणोत्तरास लॅम्डा म्हणतात. लॅम्डा एकाहून कमी असल्यास मिश्रण गडद, अधिक असल्यास पातळ. एंजिनाची सर्वाधिक शक्ती लॅम्डा सुमारे ०.८५ ते ०.९ असताना, म्हणजे गडद मिश्रणावर मिळते. इंधनाची काटकसर किंचित पातळ मिश्रणावर साधते. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र किंचित पातळ मिश्रणावरच सर्वाधिक निर्माण होतात, कारण तेथे ज्वलनाचे तापमानही मोठे असते आणि प्राणवायूही शिल्लक असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा मुलामा दिलेल्या जाळीदार त्रिमार्गी उत्प्रेरकाला कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे ज्वलन आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे विघटन ही परस्परविरुद्ध कामे एकाच वेळी करावयाची असतात. ती दोन्ही त्याला साधतात ती लॅम्डा एकच्या अगदी निकट असतानाच. मिश्रण जरा गडद झाले की पहिले काम ढासळते, जरा पातळ झाले की दुसरे. शक्ती मिळविणाऱ्याला जे मिश्रण हवे ते उत्प्रेरकाला नको आहे. सारा पेच एवढ्यात सामावलेला आहे.

मिश्रण या अरुंद पट्ट्यात राखण्यासाठी निष्कास-नळीत प्राणवायूचा संवेदक बसविलेला असतो. त्याची नोंद वाचून नियंत्रक संगणक दर क्षणी इंधनाची मात्रा किंचित कमी-अधिक करीत राहतो. मेकॅनिक मंडळी ज्याला ‘ईसीएम’ म्हणतात तो हाच. संथ व मध्यम गतीने चालताना हे बंद वर्तुळ सुरू असते. थ्रॉटल पूर्ण पिळला की संगणक संवेदकाकडे पाहणे सोडून देतो आणि आपल्या स्मृतीतील कोष्टकानुसार गडद मिश्रण पुरवतो. पूर्ण शक्तीसाठी लागणारे गडद मिश्रण उत्पादकाने बव्हंशी आधीच देऊन ठेवलेले असते, हे येथे ध्यानात घ्यावे. केवळ इंधन वाढवून पूर्ण थ्रॉटलवर फारसे काही हाती लागत नाही ते यामुळेच.

आता मोकळा एअर फिल्टर बसविल्यास काय होते? बहुतेक मोटरसायकलींत आत येणाऱ्या हवेचे वजन प्रत्यक्ष मोजणारे साधन नसते. थ्रॉटल किती उघडला, फेरे किती आणि नळीतील दाब किती, यांवरून संगणक हवेचा अंदाज करतो. आणि तो अंदाज मूळ फिल्टर व मूळ सायलेन्सर गृहीत धरून केलेला असतो. हवा अधिक येऊ लागली तर मध्यम गतीत संवेदक ही चूक काही अंशी भरून काढतो. पूर्ण थ्रॉटलवर तेथे कोणीच पहारा करीत नसल्याने मिश्रण अपेक्षेहून पातळ होते, तापमान वाढते आणि भारी भारावर ठोके ऐकू येऊ लागतात. नळीचे सांधे ढिले राहिले तर निराळाच प्रमाद घडतो. बाहेरची हवा आत शिरून संवेदकाला मिश्रण पातळ भासते. तो इंधन वाढवावयास सांगतो. गाडी पेट्रोल अधिक पिते, आणि मालक दोष एफआयला देतो. याकरिताच एकच भाग बदलणाऱ्याला पुढे संगणकाचे कोष्टकही बदलावे लागते, अथवा मधेच खोटा संकेत देणारी डबी जोडावी लागते. पहिल्या बदलाने दुसरा ओढून आणला, असा हा प्रकार होय.

सायलेन्सरच्या बाबतीत एक भेद बाजारात सहसा सांगितला जात नाही. अनेक नव्या गाड्यांत उत्प्रेरक शेवटच्या डब्यात नसून एंजिनाजवळच्या नळीत असतो, कारण त्याला काम सुरू करण्यापूर्वी सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापावे लागते. अशा गाडीचा केवळ मागचा डबा बदलला तर वायूंच्या शुद्धीकरणात फारसा फरक पडत नाही. वजन थोडे घटते आणि आवाज वाढतो. संपूर्ण नळीच बदलली तर उत्प्रेरक आणि पुष्कळदा संवेदकाची जागाही जाते, आणि गाडी एका दिवसात उत्सर्जनाच्या दृष्टीने कित्येक वर्षे मागे जाते. दोन्ही कृत्ये ग्राहकाच्या लेखी ‘सायलेन्सर बदलणे’ या एकाच सदरात येतात. शक्तीचा लाभ पहिल्या प्रकारात नाममात्र असतो. आवाजावरूनच जिला ‘फटफटी’ हे नाव पडले त्या वाहनाबाबत मोठा आवाज म्हणजे मोठी शक्ती हा समज दृढ असावा, याचे नवल नाही.

कायद्याकडे वळू. नव्या नमुन्याची मान्यता केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार अधिकृत संस्थेकडून घ्यावी लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी एक. ही मान्यता गाडीला तिच्या सर्व भागांसह मिळते, सुट्या भागांच्या मनाजोग्या जुळणीला नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणी-पुस्तकातील तपशील उत्पादकाने निर्दिष्ट केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हे कलम कठोरपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२-अ हे कलम नव्या स्वरूपात आणले गेले. त्यान्वये अनधिकृत फेरबदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज व वायुप्रदूषण यांच्या मानकांचा भंग करून वाहन चालविणारास १९० व्या कलमाखाली तीन महिन्यांपर्यंत कारावास वा दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

शिक्षेचा रोख मुख्यतः मालकावर आहे, ही गोष्ट तुलनेने स्पष्ट होते. अमेरिकेत ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’खाली उत्सर्जन-व्यवस्था निकामी करणारी साधने बनविणे व विकणे हाच स्वतंत्र अपराध आहे. २०१६ साली हार्ले-डेव्हिडसन या कंपनीने अशा ‘ट्यूनर’ साधनांच्या विक्रीवरून तेथील सरकारशी तडजोड करून १ कोटी २० लाख डॉलरचा दंड मान्य केला. आपल्याकडे मोकळ्या नळीचा विक्रेता दुकानात बसून असतो, आणि चौकात अडविला जातो तो ग्राहक.

अंमलबजावणीची मोठी अडचण यापुढची आहे. पीयूसी केंद्रात पेट्रोल दुचाकीची तपासणी एंजिन संथ फिरत असताना होते. तीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे नव्हेत. संथ फेऱ्यांवर भारच नसल्याने ती ऑक्साइडे तेव्हा फारशी निर्माणही होत नाहीत, आणि पूर्ण थ्रॉटलचे बदललेले कोष्टक तेथे दिसण्याचा संभवच नाही. शिवाय नव्या गाडीस पहिले वर्षभर हे प्रमाणपत्र लागत नाही, आणि हौसेचे फेरबदल बहुधा त्याच वर्षात होतात. ज्या प्रदूषकासाठी सहावी पायरी आली, तोच रस्त्यावरील तपासणीच्या बाहेर राहतो. पोलिसांच्या कानाला मोकळा डबा कळतो, म्हणून अनेक शहरांत जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडण्याचे दृश्य पाहावयास मिळते. शांत आवाजाची, परंतु उत्प्रेरक काढून टाकलेली गाडी मात्र त्याच चौकातून बिनदिक्कत निघून जाते.

गाडीतच बसविलेली स्वयंनिदान-व्यवस्था ही उणीव काही प्रमाणात भरून काढू शकेल. २०२० मध्ये ती मुख्यतः संवेदकांच्या तारा तुटल्या आहेत की काय एवढेच पाहत असे. २०२३ च्या एप्रिलपासून सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात संवेदकांच्या कामातील बिघाडही तिच्या कक्षेत येऊ लागला. तथापि तिने लावलेला दिवा दिसतो तो चालकाला, आणि पीयूसी केंद्रातील नळी अजून निष्कासातच घातली जाते.