मॉक ड्रिल म्हणजे नेमकं काय?

२४ मे २०१९ रोजी सुरतच्या सरथाणा भागात तक्षशिला आर्केडमधल्या कोचिंग क्लासला आग लागली आणि २२ जणांचा जीव गेला. तेव्हापासून सुरतच्याच उधना भागातल्या पालकांच्याही तोंडी ‘मॉक ड्रिल’ (आपत्तीचा पूर्वसराव) हा शब्द आला. मात्र हा सराव फक्त मुलांचा, आपत्तीत आपण धावत जाऊन आपलं मूल घेऊन यायचं, असा समज सर्रास दिसतो.

प्रत्यक्षात सराव म्हणजे कामांची आगाऊ वाटणी. लग्नाच्या पंगतीत भात कोणी, वरण कोणी वाढायचं हे आधीच ठरतं. सगळेच भात घेऊन धावले तर पंगत खोळंबते. तसंच शाळेच्या फाटकाशी पालकांची गर्दी झाली, तर अग्निशमनाचा बंबच अडतो.

स्वयंसेवक पालकांनी रस्ता मोकळा ठेवावा, मैदानात हजेरीपटावरून मुलं मोजायला शिक्षकांना मदत करावी. प्रत्येक मूल नोंद असलेल्या पालकाकडेच सोपवलं जावं. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या शाळा व्यवस्थापन समितीत (पालक, शिक्षक आणि स्थानिक प्रतिनिधींचं मंडळ) किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. ही वाटणी तिथेच ठरवून घ्यावी.