वाकडी रेषा लाकडावर कशी उतरवावी?

धुळ्याच्या उत्तरेस, मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले सोनगीर हे गाव तेथील डोंगरी किल्ल्यासाठी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात परिचित आहे. अशा जुन्या गावांत मातीच्या भिंतींच्या घरांची दुरुस्ती निघाली की एक अडचण हमखास उभी राहते. चौकट आणि भिंत यांमधील सांधा झाकणारी लाकडी पट्टी वाळवीने खाल्लेली असते. तिच्या जागी नवी सरळ पट्टी आणली जाते; परंतु भिंत कोठे फुगलेली तर कोठे खचलेली असल्याने ती बसत नाही. मग फट सिमेंटने बुजवली जाते. हे सिमेंट मातीतील ओल कोंडून धरते आणि तीच ओल पुढे लाकूड कुजवते. म्हणून भिंतीची रेषाच लाकडावर उतरवणे हा योग्य मार्ग होय.

त्याची रीत सोपी आहे. हवी त्याहून थोडी रुंद पट्टी भिंतीलगत ओळंब्यात उभी करून तात्पुरती पक्की करावी. सर्वांत मोठ्या फटीपेक्षा किंचित अधिक अंतरावर कर्कटक उघडून त्याचा स्क्रू आवळावा. आता टोकदार पाय भिंतीवरून वरून खाली फिरवत न्यावा. पेन्सिल पट्टीवर तीच रेषा काढत जाईल.

येथेच बहुतेकांची चूक होते. वळण आले की हात नकळत कर्कटकही वळवतो. तसे होऊ देऊ नये. दोन्ही टोके सतत आडव्या रेषेतच राहिली पाहिजेत, कारण पट्टी शेवटी आडवीच सरकणार आहे. भिंतीचा फुगवटा १० सेंटिमीटर त्रिज्येचा असेल आणि २ सेंटिमीटर उघडलेले कर्कटक प्रत्येक वळणाशी काटकोनात धरले, तर लाकडावर १२ सेंटिमीटर त्रिज्येचे वळण उमटेल. अंतर बरोबर, पण आकार चुकलेला!

कापताना करवत रेषेच्या किंचित बाहेर ठेवावी व मागील बाजूस थोडा उतार द्यावा. भिंतीच्या कडेला खडू घासून पट्टी टेकवावी. खडू लागलेली जागा तेवढी कानशीने घासावी. दोन-तीन वेळा असे केले की फट मिटते.

पट्टी उभी करण्यास जागा नसल्यास तांब्याची बारीक तार कामी येते. तांबे तापवल्याने मऊ होते व ठोकल्याने कडक होते, हे सोनगीरच्या तांबटांना शिकवावे लागत नाही. तापवून मऊ केलेली तार वळणावर दाबून बसवावी, अलगद उचलून पुठ्ठ्यावर ठेवावी आणि आकार गिरवून घ्यावा. कडक तार मात्र उसळी घेऊन फसवते.

सुमारे २३०० वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात लेस्बॉस येथील बांधकामातील शिशाच्या मोजपट्टीचा दाखला दिला आहे. ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे. कायदाही प्रसंग पाहून असाच लागू व्हावा, असे त्याला सुचवायचे होते.

वाचकांना आमची एकच विनंती आहे. जुनी पट्टी मोडकी असली तरी नवी बसेपर्यंत चुलीत घालू नये. भिंतीचे वळण त्या तुकड्यावर आधीच कोरलेले असते. तो नव्या लाकडावर ठेवून गिरवला तर अर्धे काम तेथेच संपते.