अवधान-न्यूनता विकार : योग्य औषधाचा शोध आणि त्यात शिक्षक-पालकांचे काम

एखादे मूल बुद्धीने कमी नसते, तरीही अभ्यासात सतत मागे पडते. प्रश्न पुरा ऐकण्याआधी उत्तर देऊन मोकळे होते, पेन्सिल-खोडरबर रोज हरवते, फळ्यावरचे निम्मेच वहीत उतरवते. असे वर्तन घरी आणि शाळेत अशा दोन्ही ठिकाणी, निदान सहा महिने दिसत असेल आणि त्याची सुरुवात वयाच्या १२ वर्षांपूर्वी झालेली असेल, तर तज्ज्ञ डॉक्टर अवधान-न्यूनता विकाराचा विचार करतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात १९८० साली हा विकार या नावाने आला. १९८७ साली नावात अतिचंचलतेची भर पडली आणि आता तो ए.डी.एच.डी. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. दंगा न करता मागच्या बाकावर हरवल्यासारखे बसणारे मूलही यात येते. मुलींच्या बाबतीत तर हा विकार पुष्कळदा असाच नजरेआड राहतो.

निदान कसे करावे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. निदान पक्के झाल्यावर व डॉक्टरांनी औषध सुचविल्यावर जो काळ सुरू होतो, त्याविषयी येथे विचार करावयाचा आहे. अनेक कुटुंबे नेमकी याच काळात गोंधळतात. पहिल्या आठवड्यात मुलाची भूक मंदावली, रात्री झोप येईना, की औषध बंद होते. किंवा फरक पडला नाही म्हणून दुसरा डॉक्टर, मग तिसरा, आणि प्रत्येक चिठ्ठीत एका गोळीची भर. शेवटी मूल तीन औषधे घेत असते. पण त्यातले कोणते उपयोगी पडते आणि कोणते त्रास देते हे कोणालाच सांगता येत नाही.

या उपचाराची सुरुवात काहीशी योगायोगाने झाली. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात मुलांसाठी असलेल्या एका रुग्णालयात डॉ. चार्ल्स ब्रॅडली काम करीत. मेंदूच्या तपासणीनंतर मुलांचे डोके दुखे, म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीवर विशेष उपयोग झाला नाही, पण काही मुले शाळेच्या कामात अचानक रस घेऊ लागली. १९३७ साली त्यांनी ३० मुलांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांतील जवळजवळ निम्म्या मुलांच्या अभ्यासात ठळक सुधारणा दिसली होती. मुले त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणत. उरलेल्या मुलांना तसा लाभ झाला नाही, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. एकच औषध सर्वांना सारखे लागू पडत नाही हे पहिल्याच अभ्यासात दिसून आले होते.

आज सर्वाधिक वापरले जाणारे मेथिलफेनिडेट हे औषध १९४४ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ लिअँड्रो पॅनिझॉन यांनी तयार केले. पत्नी मार्गरिट हिच्या ‘रिटा’ या लाडक्या नावावरून त्याचे नाव रिटॅलिन पडले. मेंदूत डोपामिन व नॉरॲड्रेनॅलिन ही दोन संदेशवाहक द्रव्ये पेशीतून बाहेर पडतात आणि लगेच परत शोषली जातात. हे शोषण मेथिलफेनिडेट रोखते, त्यामुळे संदेश अधिक काळ टिकतो. साध्या गोळीचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात सुरू होऊन तीन-चार तासांत ओसरतो. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांचा परिणाम प्रकारानुसार आठ ते बारा तास राहतो.

येथे एक अडचण आहे. तापाच्या औषधाची मात्रा मुलाच्या वजनावरून काढता येते. मेथिलफेनिडेटची तशी नेमकी काढता येत नाही. सारख्या वजनाच्या दोन मुलांपैकी एकाला थोडी मात्रा पुरते, तर दुसऱ्याला तिच्या तिप्पट लागते. रक्ताची किंवा मेंदूची कोणतीही तपासणी हे आधी सांगू शकत नाही. म्हणून अल्प मात्रेने सुरुवात करून, साधारण आठवड्याच्या अंतराने ती पायरीपायरीने वाढवीत न्यावी लागते. लाभ पुरेसा दिसला किंवा त्रास होऊ लागला, की थांबावे लागते. या खटाटोपाला डॉक्टरांची अनिश्चितता समजू नये. उपचाराची शास्त्रीय रीतच अशी आहे.

ही रीत किती काटेकोरपणे पाळता येते याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने झालेला व १९९९ साली प्रसिद्ध झालेला एम.टी.ए. अभ्यास. सात ते साडेनऊ-दहा वर्षे वयाच्या ५७९ मुलांचे चार गट करून त्यांच्यावर १४ महिने उपचार करण्यात आले. एका गटाला काळजीपूर्वक ठरविलेले औषध, दुसऱ्याला केवळ वर्तन-प्रशिक्षण, तिसऱ्याला दोन्ही. चौथ्या गटातील मुले आपापल्या गावी नेहमीच्या डॉक्टरांकडे जात राहिली. औषध घेणाऱ्या दोन गटांत पहिले २८ दिवस मात्रा शोधण्यासाठीच राखून ठेवले होते. मुलाला कोणत्या दिवशी अल्प, मध्यम किंवा मोठी मात्रा मिळाली आणि कोणत्या दिवशी औषध नसलेली नुसती गोळी मिळाली, हे पालकांना माहीत नव्हते, शिक्षकांनाही नव्हते. दोघांनी रोज मुलाच्या वर्तनाची नोंद करावयाची होती. महिन्याच्या शेवटी अनुभवी डॉक्टरांनी त्या नोंदींचे आलेख समोर ठेवून त्या मुलासाठी मात्रा निवडली.

हा टप्पा २५६ मुलांनी पूर्ण केला. त्यांपैकी १९८ मुलांना, म्हणजे ७७ टक्क्यांना, मेथिलफेनिडेट लागू पडले. इतरांपैकी ज्यांना गरज होती त्यांच्यासाठी दुसऱ्या औषधांचा शोध घेण्यात आला. पुढील निरीक्षण मात्र पालकांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. इतक्या काटेकोरपणे निवडलेले औषध आणि तीच मात्रा शेवटपर्यंत कायम राहिली अशी मुले जेमतेम १७ टक्के होती. बाकीच्यांच्या बाबतीत दरमहा होणाऱ्या भेटींत काही ना काही बदल करावा लागला. म्हणजे योग्य मात्रा एकदा सापडली की काम संपले, असे होत नाही.

गावातील डॉक्टरांकडे जाणाऱ्या गटातही सुमारे दोन-तृतीयांश मुले औषध घेत होती. तरीही मुख्य लक्षणांत त्यांची सुधारणा पहिल्या व तिसऱ्या गटाहून कमी पडली. औषधाचा प्रकार बहुतांशी तोच होता. मात्रा मात्र कमी होती, ती दिवसातून तीनऐवजी साधारण दोनदा दिली जाई, आणि भेटी क्वचित होत. शाळेकडून डॉक्टरांना काही कळण्याची सोयही तितकीशी नव्हती. माझ्या मते या अभ्यासातून शिक्षकांनी घ्यावयाची गोष्ट हीच आहे. आणखी एक गोष्ट : औषधाबरोबर वर्तन-प्रशिक्षणही मिळालेल्या मुलांचे सरासरी ३१ मिलिग्रॅमवर भागले, तर केवळ औषध घेणाऱ्यांना सुमारे ३८ मिलिग्रॅम लागले. औषधाच्या जोडीला काय द्यावे, असा प्रश्न येतो तेव्हा पहिले उत्तर पुष्कळदा दुसरी गोळी नसून पालकांचे व शिक्षकांचे प्रशिक्षण हे असते. सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तर औषधाआधी त्याचाच क्रम लागतो.

पहिले औषध पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ देऊनही लागू पडले नाही तर दुसरे घेतात. भारतात यासाठी प्रामुख्याने ॲटोमॉक्सेटिनचा विचार होतो. अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळालेले हे औषध उत्तेजक वर्गातले नाही. त्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास चार ते सहा आठवडे, कधी अधिकही लागतात. पंधरा दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून ते सोडणे म्हणजे ते न घेतल्यासारखेच होय. सुरुवातीच्या काळात मुलाच्या मनःस्थितीकडे मात्र बारकाईने पाहावे लागते. काही मुलांत आत्मघाताचे विचार आढळल्याने २००५ साली या औषधावर तसा ठळक इशारा छापण्याचा आदेश अमेरिकेत निघाला.

दोन औषधे एकत्र देण्याची वेळ यानंतर येते. तशी वेळ काही मुलांवर खरोखरच येते. सर्वांत साधी जोडणी एकाच औषधाच्या दोन रूपांची : सकाळी दीर्घकाळ टिकणारी गोळी, आणि तिचा परिणाम ओसरून संध्याकाळी मूल चिडचिडे होत असेल तर दुपारी साधी छोटी मात्रा. दुसरी जोडणी मेथिलफेनिडेट व क्लोनिडिन यांची. अंगाला झटके देण्याची किंवा डोळे मिचकावण्याची अनैच्छिक सवय असलेल्या १३६ मुलांवरील एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही औषधे मिळालेल्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला, आणि मेथिलफेनिडेटमुळे ती सवय वाढेल ही भीतीही खरी ठरली नाही. क्लोनिडिनने गुंगी मात्र अनेकांना आली. पुढे दीर्घकाळ टिकणारे ग्वानफासिन २००९ साली आणि तशाच प्रकारचे क्लोनिडिन २०१० साली अमेरिकेत मान्य झाले. ही औषधे मुळात रक्तदाबावरची आहेत. ती एकदम बंद केल्यास रक्तदाब उसळू शकतो, म्हणून ती टप्प्याटप्प्यानेच कमी करतात. मूल आजोळी गेले आणि गोळ्या घरी राहिल्या, असे या औषधांबाबत होऊन चालत नाही.

काही जोडण्या नकळत होतात, हेही सांगितले पाहिजे. खिन्नतेवरील फ्लुओक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन चालू असताना ॲटोमॉक्सेटिन घेतले, तर यकृतात त्याचा निचरा मंदावतो आणि शरीरातील प्रमाण कितीतरी वाढते. म्हणून दम्याचे, फेफऱ्याचे, वैद्य-हकिमांकडचे, जे जे औषध मूल घेत असेल त्याची यादी प्रत्येक भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावी. घरात कोणाला तरुणपणी हृदयविकार झाला असल्यास तेही न विचारता सांगावे.

आता शिक्षकांविषयी. औषध सर्वाधिक परिणामकारक असते ते शाळेच्या वेळेत, आणि त्या वेळी मूल ना आईसमोर असते ना डॉक्टरांसमोर. साठ मुलांच्या वर्गात रोज लांबलचक अहवाल लिहिणे शक्य नाही, तशी अपेक्षाही कोणी करू नये. एका वहीत तारखेपुढे चार गोष्टी टिपल्या तरी पुरे : दिलेले काम किती पुरे केले, जागेवरून किती वेळा उठले, डबा खाल्ला का, इतर मुलांशी कसे वागले. औषध सुरू होण्याआधीचा एक आठवडाही नोंदलेला असावा, नाहीतर तुलना कशाशी करणार? मूल नुसते गप्प झाले म्हणजे गुण आला, असे मानू नये. पूर्वी हसणारे-बोलणारे मूल एकटक बघत बसू लागले, तर बहुधा मात्रा जास्त झालेली असते. वर्ग शांत झाल्याच्या समाधानात ही खूण सुटून जाते. औषधाची गोष्ट इतर मुलांत होऊ नये हे तर उघडच आहे.

मेथिलफेनिडेट आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याखाली येते. चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही आणि लहान गावातील प्रत्येक दुकानात ते ठेवलेले नसते. बेळगाव भागातील कुटुंबांना तज्ज्ञ सल्ल्यासाठी धारवाडची मानसिक आरोग्य संस्था किंवा बंगळूरचे निमहान्स गाठता येते. दर महिन्याला तेथे जाणे ज्यांना झेपत नाही, त्यांनी मधल्या काळातील वजन, उंची, नाडी व रक्तदाब जवळच्या डॉक्टरांकडून मोजून घ्यावेत आणि शिक्षकांच्या वहीसह सोबत न्यावेत. उंचीची नोंद सहा महिन्यांनी तरी हवीच. एम.टी.ए. अभ्यासातील सतत औषध घेणारी मुले तीन वर्षांनंतर औषध न घेणाऱ्यांहून सरासरी २ सेंटिमीटरने कमी वाढलेली आढळली होती. त्याच सुमारास, २००७ साली, उपचारगटांतील आरंभीचा फरकही मिटलेला दिसला. तेव्हा औषध चालू ठेवण्याची गरज आहे का, हे वर्षातून एकदा तपासून पाहावे. त्यासाठी डॉक्टर काही दिवस औषध थांबवून मुलाचे निरीक्षण करण्यास सांगतात. हे दिवस शाळा चालू असतानाचे हवेत, पण परीक्षेचे किंवा नवा वर्ग सुरू होण्याचे नसावेत. आणि तेवढे दिवस वर्गशिक्षकांची वही पुन्हा रोज भरली जावी.