बदलीच्या गावचे रविवार : कामठा आणि परिसर

गोंदिया तालुक्यातले कामठा हे जुन्या जमीनदारीचे गाव. 1818 साली येथील जमीनदार चिमणा पटेल याने नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध बंड केले, ते मोडले आणि जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. आज गावाची ओळख आहे ती लहरीबाबांच्या आश्रमामुळे. भोवती धानाच्या बांध्या, अधूनमधून बोडी म्हणजे लहान तळी, आणि लोकांच्या तोंडी मराठीबरोबर पोवारी व हिंदी.

शिक्षक, ग्रामसेवक, बँक कर्मचारी अशी कुटुंबे बदलीने या भागात येतात. राज्याच्या पश्चिमेकडून आलेल्यांना ही बदली शिक्षेसारखी वाटते. सुट्टी लागली की गावाकडची गाडी पकडायची आणि मधले रविवार घरात काढायचे, असा क्रम पडतो. जिल्हा मात्र लेकराबाळांना घेऊन हिंडण्याजोगा आहे.

पहिली फेरी सालेकसा तालुक्याकडे करावी. मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या दरेकसा स्थानकाजवळच्या जंगलात हाजरा धबधबा आहे. तिथली व्यवस्था नवाटोला गावच्या वन व्यवस्थापन समितीची तरुण मुले पाहतात, आणि ती चांगली पाहतात.

त्याच बाजूला धनेगावजवळ कचारगड आहे. डोंगरातली ही प्रशस्त गुहा गोंडी समाजाचे आद्य श्रद्धास्थान. कथा अशी सांगतात, की काली कंकालीच्या तेहतीस लेकरांना या गुहेत कोंडून तोंडावर शिळा लावली होती. गोंडांचे धर्मगुरू पारी कुपार लिंगो आणि माता जंगो रायतार त्यांच्या सुटकेसाठी आले, पण शिळा कोणाच्याने हलेना. मग हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी हे तंतुवाद्य वाजवायला घेतले. त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आले, बाहेरून त्यानेही जोर लावला, शिळा सरकली आणि मुले सुटली. हिरासुका मात्र त्याच शिळेखाली चिरडला गेला. पुढे याच मुलांपासून गोंडांची कुळे आणि देवांच्या संख्येवरची त्यांची गटवारी निघाली, असे मानतात. एका वादकाच्या बलिदानावर समाजाची उत्पत्ती सांगणारी अशी कथा क्वचितच आढळेल, आणि मुलांना ती गुहेच्या तोंडाशीच ऐकवावी. माघ पौर्णिमेच्या यात्रेला मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासून भाविक येतात. यात्रा सरली की सोयीही सरतात. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाने याचा विचार आधीच करावा.

सारस पाहायला मात्र लांब जायला नको. महाराष्ट्रात हा पक्षी उरला आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात, वैनगंगा-बाघ नद्यांच्या काठच्या धानपट्ट्यात. माणसाएवढ्या उंचीचा, लाल डोक्याचा, बहुधा जोडीने चरणारा. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीतच घरटे करतो, म्हणून त्याचे जगणे शेतकऱ्याच्या मनावर अवलंबून असते. कीटकनाशके आणि विजेच्या तारांनी त्याची संख्या फार घटली आहे. घरट्याजवळ जाऊ नये, मुलांना दुर्बिणीतून दाखवावा.

दक्षिणेकडे नागझिरा आणि नवेगाव. 2013 साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. नागझिऱ्यासाठी चोरखमारा व मंगेझरी ही या जिल्ह्यातली प्रवेशद्वारे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला, अशी परंपरा आहे; तलाव खोदण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे हा परिसर मराठी वाचकांच्या ओळखीचा झाला. तरी वाचलेले आणि पाहिलेले यांत अंतर आहे, नवेगावला निदान एक मुक्काम हवाच.

बेत आखताना ऋतू पाहावा. व्याघ्र प्रकल्पातील सफारी पावसाळ्यात बंद असते, तर हाजरा धबधबा पावसाळ्यातच भरून वाहतो आणि उन्हाळ्यात त्याची धार आटते.