मांजर घरात, लसीचे कार्ड कपाटात

गेल्या पावसाळ्यात आमच्या जिन्याखाली मांजरीने तीन पिल्ले घातली. त्यातले करडे पिल्लू आमच्या धाकट्या मुलीने घरात आणले. दादीने आधी कुरकुर केली आणि मग दुधाची पहिली बशीही तिनेच पुढे सरकवली. आपल्या घरांना मांजर परकी नाही. ती नापाक नाही, घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे, असे हदीसमध्ये आले आहे. पण पाक असणे आणि निरोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला उशिरा कळले.

एका संध्याकाळी मुलगी वुझूसाठी बाही वर करेना. पाहिले तर मनगटावर लांब ओरखडा, रक्त सुकलेले. दोन दिवस तिने तो लपवला होता. “सांगितलं असतं तर तुम्ही बिल्लूला हाकलून दिलं असतं,” ती रडत म्हणाली.

सरकारी दवाखान्यात पहिलाच प्रश्न आला : मांजरीला रेबीजची लस दिली आहे का? आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. मग जखमेत सिरम आणि लसीचा पहिला डोस दिला गेला. त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा सुई. रेबीज कुत्र्यापासूनच होतो, असा आपला समज असतो. पण पिसाळलेला कुत्रा मांजरीला चावला, तर तिच्यापासूनही तो होऊ शकतो. एकदा लक्षणे दिसू लागली की माणूस वाचणे जवळपास अशक्य. वेळेवर घेतलेली लस मात्र त्याला वाचवते.

म्हणून चावा किंवा ओरखडा झाला, की आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. हळद, चुना, मिरची काहीही लावू नये. लगेच दवाखाना गाठावा.

मुलीचे डोस सुरू असतानाच आम्ही बिल्लूला टोपलीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. तिथे कळले ते असे. साधारण आठ आठवड्यांच्या पिल्लाला उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या आजारावर आणि सर्दी-डोळ्यांच्या विकारांवर एकत्रित लस देतात. तीन-चार आठवड्यांनी तिचा दुसरा डोस असतो. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखांना बूस्टर. जंताचे औषध वजनाप्रमाणे द्यायचे : पिल्लांना दर दोन-तीन आठवड्यांनी, मोठ्या मांजरीला साधारण तीन महिन्यांनी.

घरातल्या काही सवयीही बदलाव्या लागल्या. ताप वाटला म्हणून मांजरीला पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. आपल्यासाठी साधी असलेली ही गोळी तिच्यासाठी विष आहे. कांदा-लसणाचा रस्साही नको. बकरी ईदच्या दिवसांत कच्च्या मांसाचे तुकडे तिच्यापुढे टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते शिजवून, मीठमसाला न घालता आणि हाडे काढून द्यावेत. कच्च्या मांसातून तिला टॉक्सोप्लाझ्माची लागण होऊ शकते आणि तिच्या विष्ठेतून ती माणसापर्यंत पोहोचते. पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो. म्हणून घरात कोणी गरोदर असेल, तर मांजरीची घाण दुसऱ्याने काढावी. तीही रोजच्या रोज, कारण विष्ठेतून संसर्ग होण्याजोगी स्थिती यायला एखादा दिवस तरी लागतो. मात्र या भीतीने मांजर घराबाहेर काढण्याचे कारण नाही.

आता बिल्लूचे कार्ड मुलांच्या लसीच्या कार्डांसोबत एकाच पिशवीत असते. पुढच्या डोसची तारीख दादीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गोल करून ठेवली आहे.

एक गोष्ट आम्ही वर्गातही सांगू लागलो आहोत, तुम्हीही आपल्या मुलांना सांगा : मांजर चावली, ओरबाडली, तर त्याच क्षणी घरी सांगायचे. कोणी रागावणार नाही, मांजरीलाही कोणी हाकलणार नाही. आमच्या मुलीला हे आधी माहीत असते, तर ते दोन दिवस वाया गेले नसते.