बरसीमची पेरणी केव्हा करावी?

जालना जिल्ह्यात कापूस व सोयाबीन यांचे क्षेत्र वाढल्यापासून ज्वारीचा कडबा महाग झाला आहे. ज्यांच्या विहिरीस फाल्गुनापर्यंत पाणी टिकते, त्या शेतकरी बंधूंनी निदान १० गुंठे जमीन बरसीम घासास द्यावी.

हे द्विदल पीक थंडीचे आहे. त्याची पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी. आश्विनातील ऊन ओसरण्यापूर्वी पेरल्यास कोवळी रोपे करपतात. मार्गशीर्षापर्यंत लांबविल्यास थंडीने वाढ मंदावते आणि एखाददुसरी कापणी हातची जाते. पंचांगापेक्षा पहाटेच्या गारव्याकडे लक्ष द्यावे, हे बरे.

१० गुंठ्यांस अडीच ते तीन किलो बी पुरते. ते १० टक्के मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे कासनी तणाचे बी काढावे व उरलेले स्वच्छ पाण्याने धुवावे. जमिनीत पूर्वी बरसीम झालेले नसल्यास बियाण्यास बरसीमचेच जिवाणूसंवर्धन चोळावे. हरभऱ्याचे उपयोगी पडत नाही. मग वाफ्यात पाणी भरून बी फोकावे. पहिली कापणी सुमारे ५० दिवसांनी, पुढील २५ ते ३० दिवसांच्या अंतराने मिळते. नुसता ओला घास घातल्यास जनावराचे पोट फुगते, म्हणून त्यात कडबा मिसळावा.

पौष-माघात रान सुकले की हरणांचे कळप हिरव्या वाफ्याकडे वळतात. काळविटास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने फासे किंवा विजेची तार लावणे गुन्हा होय. यास्तव बरसीमचा वाफा वस्तीलगतच, राखणीच्या कुत्र्याच्या टापूत घ्यावा.